देवयानीतला डाग

घाटकोपरच्या एका फोटो स्टुडिओत माझ्या वडिलांनी, नानांनी, छत्तीस वर्षं रिटचिंग केलं. रिटचिंग म्हणजे निगेटिव्हवरच काम करून माणसाच्या तोंडावरचे डाग, व्रण, सुरकुत्या घालवायच्या. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. फोटोत जे पांढरं दिसणार ते तिथे काळं, आणि काळं दिसणार ते पारदर्शक. फोटोत काळा डाग येणार असेल तर निगेटिव्हवर ती जागा पेन्सिलीने भरायची, पांढरा ठिपका येणार असेल तर तिथला काळा ठिपका पात्याने हलकेच खरवडायचा. एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं समजेल.

नाना या कामात वस्ताद होते. देवीचे व्रण असलेली मुलगी स्टुडिओत शिरायची आणि पाकिटातून लोण्यासारख्या गालांची बाहेर यायची. लग्नाच्या मुलींच्या आया त्यांचं नाव विचारत यायच्या. फोटोखाली नाव मात्र नेहमी स्टुडिओचं. रिटचिंग करणाऱ्याचं नाव लिहायची पद्धतच नाही, कारण त्याचं काम दिसलं तर ते फसलं म्हणायचं.

मी चोवीस वर्षांची झाले तेव्हा त्यांनी माझाही फोटो हातात घेतला. कांजिण्यांची खूण गेली, हनुवटीवरचा तीळ गेला, नाक जरा सरळ झालं. मुलाकडची मंडळी आली. मुलाच्या आईने बैठकीची खोली न्याहाळली, कौतुकाने मान डोलावली आणि विचारलं, "मुलगी कुठाय?" पोह्यांची बशी माझ्याच हातात होती.

यात आपलं काही चुकलं असं नानांना कधी वाटलं नाही. "फोटो उत्तम होता," ते म्हणाले. "त्यात तुझा काही दोष नाही."

आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो, आणि सुधारण्यासाठी त्यांच्या वाट्याला मी एकटी आले. माझा भांग, माझी सही, माझ्या पोळीचा आकार. शाळेत असताना चित्रकलेच्या सरावासाठी काढलेलं घुबड मी सकाळी उठेपर्यंत दुरुस्त झालेलं असे. घुबड चांगलंच झालेलं असायचं, ते माझं नसायचं एवढंच. माणूस वाईट नव्हता. हाताला स्वस्थ बसवत नव्हतं.

एकतिसाव्या वर्षी मला आकाशाचं वेड लागलं. मुलुंडला एक हौशी मंडळ होतं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एका शाळेत जमायचं. तिथले श्यामकांत म्हणून गृहस्थ, एरवी बँकेत अधिकारी, आम्हाला दूरच्या दीर्घिका आणि तेजोमेघ यांचे फोटो दाखवायचे. मंडळाने पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीत सभासदांनी काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन आणि स्पर्धा ठरवली. मी त्याच क्षणी ठरवलं की देवयानी दीर्घिकेचा फोटो काढायचा. आपल्या आकाशगंगेच्या पलीकडची, तारकांच्या एका वेगळ्याच गावाची ती धूसर चकती. खरं सांगायचं तर मला दीर्घिकेपेक्षा दुसरीच गोष्ट हवी होती. ज्याला नानांचा हात लागलेला नाही असा एक तरी फोटो मला जन्मात हवा होता.

इतका मंद प्रकाश फिल्मवर उतरायला दहा मिनिटं कॅमेरा उघडा ठेवावा लागतो आणि तेवढ्या वेळात आकाश सरकतं, ठिपक्यांच्या रेघा होतात. परदेशातल्या लोकांकडे यासाठी मोटारीवर फिरणारे स्टँड असतात. आमच्याकडे श्यामकांतांनी सायक्लोस्टाइल करून वाटलेला एक कागद होता. दोन फळ्या घ्या, एका कडेला बिजागरीने जोडा. बिजागरी ध्रुवाकडे रोखा. खालच्या फळीत, बिजागरीपासून साडेअकरा इंचांना जरा कमी अंतरावर, पाव इंची बोल्ट बसवा. दर मिनिटाला एक फेरा फिरवत गेलं की वरची फळी आकाशाच्या गतीने उघडत जाते. कॅमेरा वरच्या फळीवर. झालं.

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात सुगंधा माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. तिचा नवरा सहदेव लेथवरचा टर्नर. त्याची मिल संपात बंद पडली ती पडलीच, आता तो दहिसरला एका वर्कशॉपमध्ये होता. मी कागद घेऊन गेले. त्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"ह्यां कित्याक व्हयां गो बाय?" हे कशाला हवंय, त्याने विचारलं.

मी सांगितलं.

"म्हणजे तारो चलता, म्हणान फळी चलवची? बरां." तो हसला नाही, हे मला आवडलं. एवढंच म्हणाला, "बिजागरी बाजारातली नको. ती लचकता. मी पितळेची करून देतंय."

आठ दिवसांत फळ्या तयार झाल्या. बिजागरीत केसाएवढीही लचक नव्हती. बोल्टच्या डोक्यावर त्याने पत्र्याची तबकडी बसवली होती आणि तिच्यावर घड्याळासारख्या बारा खुणा कोरल्या होत्या. बिजागरीच्या कडेला बॉलपेनची रिकामी नळी चिकटवली, तिच्यातून ध्रुव बघायचा. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम एकोणीस अंश वर असतो, म्हणून उत्तर मोकळी लागते. बाकी सामान म्हणजे माझा जुना दोन भिंगांचा कॅमेरा, एकशेवीस नंबरची फिल्म, कॅमेरा न हलवता बटण दाबायची केबल रिलीज, झाकायला काळा पुठ्ठा आणि लाल जिलेटिन गुंडाळलेली बॅटरी. कागदावर 'सहज नेण्याजोगा संच' असं लिहिलं होतं. मी तो होल्डॉलमध्ये बांधून घाटकोपरहून बोरीवलीला, गोराईच्या होडीपर्यंत, नेला आणि नंतर दोन दिवस खांदा धरून बसले.

बावीस डिसेंबर, शनिवार, अमावस्या. गोराईच्या खाडीवरून होडीने पलीकडे गेलो, मी, सहदेव आणि सुगंधा. नाताळ तीन दिवसांवर होता, त्यामुळे गावात घरोघर कागदी चांदण्या पेटल्या होत्या. श्यामकांतांच्या कागदात या प्रकाशाबद्दल काही नव्हतं. आम्ही सुरूच्या झाडांच्या आडोशाने समुद्राकडे गेलो. साडेसातला देवयानी डोक्यावर आली होती. सहदेव वाळूत मांडी घालून बोल्ट फिरवायला बसला, मी घड्याळावर सेकंद म्हणत गेले, आणि सुगंधा म्हणाली की ऑफिसात आम्ही दोघींनी मिळून इतकं काम कधी केलेलं नाही.

बारा फोटोंपैकी पहिला उजेडातच काढला होता, होडीचा. मग दोन हलले, कारण सहदेवला शिंक आली. तीन फोटोंत मी ध्रुव समजून भलताच तारा धरला होता. एकात होडीवाल्याच्या टॉर्चचा झोत. पुढे दोन ढगात गेले. दहावा काढताना मात्र कुणी शिंकलं नाही, कुणी आलं नाही, आणि दहा मिनिटं संपल्यावर मी पुठ्ठा लावला आणि फिल्म पुढे फिरवली. शेवटचे दोन पुन्हा ढगात गेले.

आता माझी चूक. रोल धुवायला मी नानांच्याच जुन्या स्टुडिओत दिला. मालक नंदकिशोर अजून हाताने, जातीने रोल धुवायचा, आणि अनोळखी दुकानात द्यायची मला छाती झाली नाही. "फक्त धुवा, प्रिंट काढू नका," मी सांगितलं. "आणि नानांना कळू देऊ नका."

मला वाटलं होतं, एवढं पुरे.

नंदकिशोरने रोल धुतला, उजेडावर धरला आणि डोक्याला हात लावला. होडीचा फोटो सोडला तर सगळ्या फिल्मभर काळे ठिपके. त्याची खात्री पटली की केमिकलमध्ये घाण होती आणि त्याच्या हातून मास्तरांच्या, म्हणजे नानांच्या, मुलीचा रोल वाया गेला. आकाशाचे फोटो आहेत हे मी सांगितलं नव्हतं. सांगून काय झालं असतं कोण जाणे, त्याने आयुष्यभर वधूवर सोडून काही पाहिलं नव्हतं. बाकीच्या निगेटिव्ह तर हललेल्या किंवा धुरकट होत्या, एक तेवढी स्थिर दिसत होती. ती त्याने पाकिटात घातली आणि मी ऑफिसला गेल्यावर आमच्या घरी आला. नानांच्या पाया पडला. "मास्तर, एवढी वाचवा. ताईंनी तुम्हाला सांगू नका म्हटलंय, पण स्टुडिओची अब्रू आहे."

हे सारं मला नंतर कळलं. त्या वेळी दिसलं ते एवढंच की जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मी घरी आले, तर खिडकीशी नानांचं तिरकं रिटचिंगचं डेस्क मांडलेलं होतं. चार वर्षं ते माळ्यावर होतं. नाना दाढी करून, स्वच्छ सदरा घालून बसले होते. त्यांनी माझ्या हातात बटरपेपरचं पाकीट दिलं.

"नंद्या घाबरून पळत आला होता. वाट लावली होती त्याने. फोटो कशाचा तेही कळेना. तीन दुपारी बसलो, पण केलं स्वच्छ."

मी निगेटिव्ह दिव्यासमोर धरली. आकाश होतं. एकही तारा नव्हता. कुठे पात्याची खूण नाही, ओरखडा नाही. धुतल्या काचेसारखी फिल्म, आणि तिच्या मधोमध जरा डावीकडे, तांदळाच्या दाण्याएवढा, एक तिरपा धूसर डाग.

"तेवढा एक राहिला," नाना म्हणाले. आवाज उतरला होता. "तो वरवरचा नाही, पार आत मुरलाय. खरवडला असता तर फिल्म फाटली असती. पूर्वी जमलं असतं मला. आता डोळे..." आणि ते चष्मा पुसत बसले.

तो डाग म्हणजे देवयानी दीर्घिका. जिच्यासाठी मी गोराईला गेले होते ती. तिच्याभोवतीचे आपल्या आकाशगंगेतले सगळे तारे माझ्या वडिलांनी तीन दुपारींत पुसून टाकले होते.

त्या वेळी मी ओरडले असते तर बरं झालं असतं. पण आमच्या घरात राग बोलून दाखवत नाहीत, मुरवत ठेवतात, लोणच्यासारखा. मी "छान" म्हणाले, आत गेले आणि भात लावला. फेब्रुवारीच्या आत पुन्हा गोराईला जायचं म्हटलं तर पुढच्या अमावस्येला सहदेवला रात्रपाळी होती, आणि नंतर देवयानी मावळतीला जाणार. माझा एकमेव फोटो संपला होता आणि तो नेमका कुणी संपवावा!

तीन दिवसांनी मला सूड सुचला.

मी निगेटिव्हचा मोठा प्रिंट काढून घेतला आणि श्यामकांतांना दाखवला. काळंकुट्ट आकाश आणि मधे एकटी दीर्घिका. ते कितीतरी वेळ बघत राहिले. "तारे कुठे गेले?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते आधी हसले, मग चष्मा काढून डोळे पुसले. "स्पर्धेत नाही घेता येणार," ते म्हणाले, "पण भिंतीवर लावू. असा फोटो कुणी पाहिला नसेल." फोटोखालची चिठ्ठी मी माझ्या हाताने लिहिली. 'देवयानी दीर्घिका. छायाचित्र: पद्मजा आजगावकर. रिटचिंग: पुंडलिक आजगावकर.'

लोक वाचतील, हसतील. आजवर दुसऱ्याचं सगळं सुधारत आलेल्या माणसाला एकदा तरी चारचौघांत कळेल की आपलं चुकलं. मला तेवढंच हवं होतं. तीन आठवडे मी ते दृश्य मनात बघत होते आणि मजेत होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

"नाना, रविवारी मुलुंडला चला," मी म्हटलं. "प्रदर्शनात तुमचं नाव लावलंय."

"माझं? कशाला?" ते म्हणाले. पण शनिवारी त्यांनी सदऱ्याला स्वतः इस्त्री केली. रविवारी सकाळी शेजारच्या बिऱ्हाडात सांगून आले. बसमध्ये ते दोनदा म्हणाले, "नाव लावायची पद्धत नसते गं आमच्यात."

शाळेच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. नाना सरळ आमच्या फोटोकडे गेले. चष्मा चढवून त्यांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. बोटाने आपल्या नावाखालून रेघ ओढल्यासारखं केलं, कागदाला न लावता. मग हात मागे बांधून ते बाकीचे फोटो बघायला निघाले, जसा जाणता कारागीर दुसऱ्यांचं काम बघतो तसे.

कृत्तिका. मृगातला तेजोमेघ. ध्रुवाभोवतालचं आकाश. दहा फोटो, दहाही ठिपक्यांनी भरलेले. दुसऱ्या फोटोपाशी त्यांनी जीभ टाळूला लावून च्यक केलं. चौथ्यापाशी ते वाकले. सहाव्यापाशी त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि बराच वेळ हलले नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या श्यामकांतांना त्यांनी विचारलं, "हे ठिपके... इतक्या सगळ्यांच्या फिल्मवर कसे?"

श्यामकांतांना वाटलं, मी घरी सांगितलेलं असणार. ते सहज म्हणाले, "तारे आहेत ते, नाना."

मी पाच पावलांवर होते. मला सगळं दिसत होतं. नानांनी भिंग खिशात ठेवलं, ते खिशात नीट जाईना. मग ते परत आमच्या फोटोसमोर येऊन उभे राहिले. फोटोसमोर एक बाई आणि तिची मुलगी चिठ्ठी वाचून हसत होत्या. त्या बाजूला सरल्या.

"माझं नाव काढा," नाना म्हणाले. मोठ्याने म्हणाले, हॉलमध्ये आवाज घुमला, लोक वळले. "पोरीने फोटो चांगला काढला होता. मी त्यात हात घातला. मला कळत नव्हतं, मी विचारायला हवं होतं. चूक माझी आहे."

मला हेच ऐकायचं होतं. शब्दन् शब्द हेच. आणि ते ऐकताना मला इतकी लाज वाटली की चप्पल कुठे काढली ते न शोधता पळून जावंसं वाटलं. सहासष्ट वर्षांचा माणूस इस्त्रीचा सदरा घालून आला होता, कारण त्याच्या मुलीने त्याचं नाव भिंतीवर लावलं होतं.

श्यामकांत काहीतरी बोलले, नाव राहू द्या, फोटो अनोखा आहे वगैरे. नाना ऐकत नव्हते. मी त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं.

आग्रा रोडने बस भांडुपपर्यंत आली. कंडक्टर तिकिटं देऊन पुढे गेला.

"त्याच दिवशी का नाही सांगितलंस?" नानांनी विचारलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"राग आला होता."

"मग रागवायचं होतंस. घरात. भांडी आपटायची होतीस." मग ते म्हणाले, "पुन्हा दिसेल का ते? तुझं ते... डाग."

"ऑक्टोबरनंतर दिसेल."

त्यांनी मान हलवली. विक्रोळीला बस रिकामी झाली. माझ्या शेजारी बसलेला हा माणूस किती लहान दिसतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"तीनशे बारा होते," ते म्हणाले.

"काय?"

"तारे. मी मोजत मोजत काढले. दर शंभरानंतर थांबायचो, डोळ्यांना पाणी लावायचो. तू खूश होशील म्हणून."

घाटकोपर आलं. उतरताना त्यांनी नेहमीसारखा आधारासाठी माझ्यापुढे हात केला नाही, आणि 'हात द्या' असं मलाही म्हणता आलं नाही.